अवघड जागेचं दुखणं

फोन ताईंकडे आला होता तो आठवडाभरासाठी. एकाच दुखण्याच्या लोकांचा मदतगट ज्यांनी सुरू केला त्या निवृत्त नर्स, ज्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे, लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. जाताना गटाचा तो छोटा मोबाइल त्यांनी ताईंच्या हातात दिला. "मी येईपर्यंत सांभाळ. फार कुणी करत नाही," म्हणाल्या. लेकीचं बाळ आता चालायला लागलं होतं, सिस्टर तिकडेच रमल्या होत्या आणि फोन ताईंच्या शिलाई मशीनवर, कात्रीशेजारी, कायमचा मुक्कामाला होता.

फार कुणी करत नाही हे तर अजिबातच खरं नव्हतं.

फोन करणारे सगळे एकाच दुखण्याचे. लघवीची पिशवी धड भरतही नाही, तोवर कळ येते. जाऊन आलं तरी ती थांबत नाही. रात्री झोप नाही, दिवसा जीव थाऱ्यावर नाही. तपासणीत जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीत काही दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात थेरं आहेत आणि काही डॉक्टर म्हणतात तुम्ही फार विचार करता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण ताईंनी लहानपणी ऐकली तेव्हा त्यांना हसू फुटलं होतं. आता त्यांचा स्वतःचा धाकटा जावई औषधाच्या दुकानात कामाला होता, आणि त्याला त्यांनी आजवर एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

ताईंना हे दुखणं धाकटी लेक शाळेत जायला लागली तेव्हापासूनचं. कपडे दुरुस्तीचं दुकान घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी रस्ता पाहिला नाही, गिऱ्हाईक पाहिलं नाही. गाळ्याच्या मागे संडास आहे, कडी नीट लागते, एवढं पाहिलं आणि हो म्हणाल्या. तिथे बसून त्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, जाड झालेल्या माणसांच्या शिवणी उसवून सैल करून द्यायच्या. आणि मधेमधे फोन घ्यायच्या.

"तुम्हाला वेड लागलेलं नाही," हे त्या सगळ्यात आधी सांगायच्या. मग पाण्याचं. लोक हमखास पाणी तोडतात. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही असा हिशेब. पण लघवी दाट झाली की जास्तच जाळते. घोट घोट पीत राहा, चहा कमी करा, आंबट-तिखट काय खाल्लं की त्रास वाढतो ते आपलं आपण बघा, अमक्या दवाखान्यातले डॉक्टर निदान ऐकून तरी घेतात. तेच ते, रोज. बोलून बोलून ताईंना वाटायचं की आपल्या तोंडातून आता शब्द नाहीत, भुसा पडतोय.

त्यांचा नवरा प्लंबर. संध्याकाळी हातपाय धुऊन बसला की विचारायचा, "आज किती गळत्या?"

"गळती नाही हो ती. कितीदा सांगू? दुखतं."

"मग तुंबलंय म्हण." आणि स्वतःच हसायचा. मनाने वाईट नव्हता. ताई फोनवर असल्या की भात तोच टाकायचा. पण एकदा मात्र हसता हसता थांबून म्हणाला, "तुझं स्वतःचं दुखतंय आज. सकाळपासून बघतोय. आणि तू दुसऱ्यांना सांगतेयस आराम करा."

त्या शनिवारी ताई ठरवूनच गटाच्या बैठकीला गेल्या. बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायची. खोली अंधारी, पंखा कुरकुरणारा, पण टॉयलेट भिंतीला लागून, म्हणून सगळ्यांना तीच हवी. दाराजवळच्या खुर्च्या नेहमीप्रमाणे आधी भरल्या. शेवटी ताई म्हणाल्या, "मी दमले आहे. फोन आता दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. सगळे दिवस नको, वाटून घेऊ."

कुणी चपलेच्या अंगठ्याकडे बघायला लागलं, कुणी पर्स उघडून काही शोधायला लागलं. बँकेतली बाई म्हणाली, तिला ऑफिसात बोलताच येत नाही. शिकवण्या घेणारी म्हणाली, तिच्या सासूला अजून माहीत नाही. एक आजी उठल्या, टॉयलेटला गेल्या आणि परत आल्या तेव्हा विषय बदललेला होता. ताईंना कुणाचा राग आला नाही. प्रत्येकीचं म्हणणं खरंच होतं. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि चालत घरी आल्या.

सोमवारी दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज दबका, मागे जिन्यातला घुमारा.

"माझं नाही, ह्यांचं आहे," ती म्हणाली. "हे बस चालवतात. चालवायचे. आता घरी बसवलंय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. भर चौकात, सिग्नलला, भरलेली बस सोडून हे उतरले आणि पलीकडच्या पेट्रोल पंपाच्या टॉयलेटकडे पळाले. परत येईस्तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि कुणीतरी रिकाम्या सीटचा व्हिडिओ काढला होता. चौकशी लागली. चौकशीत हे एवढंच सांगतात की हँडब्रेक लावला होता.

"खरं का नाही सांगत?"

"मलाही कुठं सांगतात, ताई. मी कपडे धुते म्हणून मला कळलं. आतून टॉवेलच्या घड्या घालून जायचे."

ताईंनी डोळे मिटले. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणायला हवं, हे त्यांना कळत होतं. "पत्ता सांगा," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरचं घर तिसऱ्या मजल्यावर. खोली एकच, पण टापटीप. त्याची खुर्ची बाथरूमच्या दाराला चिकटून ठेवलेली होती. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, ओठ सुकून भेगाळलेले. ताई कोण ते बायकोने सांगितल्यावर त्याने बायकोकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळून नसलेलं काम करायला लागली.

"आम्हाला काही नकोय, मॅडम," तो म्हणाला.

"मला पाणी मिळेल का?" ताईंनी विचारलं.

बायकोने पाणी दिलं. ताईंनी दोन घोट घेतले आणि पेला बाजूला ठेवला. "मी ह्या गावात कुठेही गेले तरी आधी संडास कुठे आहे ते बघते," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिन्याखाली एक आहे, त्याला कुलूप आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात आहे, पण काहीतरी विकत घ्यावं लागतं."

ड्रायव्हरने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "दुकानवाल्याला मी काडेपेट्या मागतो. घरात ढीग झालाय."

ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायकोचे खांदे हलले. ती हसत होती की रडत होती ते ताईंना दिसलं नाही.

त्या दिवशी तो फार बोलला नाही. पण चौकशीच्या शेवटच्या तारखेला त्याला सोबत कुणालातरी आणायची मुभा होती, आणि ताई येऊन बसल्या तर त्याची हरकत नव्हती. फक्त बसायचं, बोलायचं नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. घरी आल्यावर ताईंनी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "परवाच म्हणालीस ना, सोडणार म्हणून?"

"म्हणाले खरी."

"मग?"

ताईंनी दिवा घालवला. त्या उशीवर डोकं टेकून पडल्या.

चौकशीच्या दिवशी सकाळपासून ताईंचंच दुखणं चढलं होतं. ओटीपोटात कुणीतरी वाळू घासतंय असं वाटत होतं. डेपोचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली डिझेलचा वास, धुतलेल्या बसगाड्यांचं पाणी अंगणभर. टेबलामागे डेपोचे साहेब, त्यांच्याशेजारी लिहून घेणारा कारकून आणि खिडकीशी युनियनचा माणूस. साहेबांचे डोळे तांबारलेले होते. तेही दमलेलेच दिसत होते.

"मी काही दगड नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं चालवताय, साधा ओरखडा नाही गाडीला. पण भर रस्त्यात माणसं टाकून उतरलात. का, ते सांगा. मला वर काहीतरी कळवावं लागेल."

"हँडब्रेक लावला होता," ड्रायव्हर म्हणाला.

"ते झालं. उतरलात का?"

"पोटात कळ आली."

"मग आधीच्या थांब्यावर का नाही उतरलात? हे तिसऱ्यांदा आहे. आधीच्या दोन वेळा कंडक्टरने सांभाळून घेतलं, ते मला कळलंय आता."

ड्रायव्हर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. साहेबांनी ताईंकडे पाहिलं. "आपण कोण? नातेवाईक?"

ताई काही बोलणार तेवढ्यात ती कळ आली. थांब म्हटलं की थांबणारी नव्हे, दुसरी. त्या उठल्या. "टॉयलेट कुठे आहे?"

"बाहेर, डावीकडे. पण किल्ली शिपायाकडे असते." साहेबांनी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. कारकून म्हणाला, शिपाई झेरॉक्स काढायला खाली गेलाय, येईलच. बायकांचं टॉयलेट अंगणापलीकडे, वर्कशॉपच्या मागे होतं. ताईंनी जिन्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की तेवढं आपल्याच्याने होणार नाही. त्यांनी दाराची चौकट धरली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, ओठ आवळून, त्या तिथेच उभ्या राहिल्या. इतक्या परक्या पुरुषांसमोर. साहेब म्हणाले, "बसा ना, येईलच तो."

"बसवणार नाही त्यांना," ड्रायव्हर म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीतून उठला होता.

"साहेब, दुसरी किल्ली तुमच्या खणात असते. आधी ती द्या."

साहेबांनी खण उघडला, कागद चाळले, किल्ली काढली. ड्रायव्हरने ती जवळजवळ हिसकावून घेतली, पुढे होऊन स्वतः कुलूप काढलं, दिवा लावला आणि पाठ फिरवून बाजूला झाला.

ताई आत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा ऑफिसातून एकाच माणसाचा आवाज येत होता. त्या आत गेल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"...तसंच. आत्ता त्यांचं पाहिलंत ना, तसंच," ड्रायव्हर सांगत होता. "थांबा आला की मला माणसं दिसत नाहीत, मुताऱ्या दिसतात. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेत नाही. डोकं फिरतं उन्हात. तरी जावं लागतं. पँटमध्येच झालं असतं त्या दिवशी. पोरी होत्या कॉलेजच्या पुढच्या सीटवर. त्यांच्यासमोर होण्यापेक्षा मी उतरलो. दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला वय झालं, एक म्हणाला मनाचं आहे. आता ह्यात तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

कारकुनाचं पेन थांबलं होतं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आधी सांगायचं," ते म्हणाले.

"कुणाला?" ड्रायव्हर म्हणाला.

मग ताई आत गेल्या आणि त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं. दुखण्याचं नाव, कोणत्या डॉक्टरांचा कागद मिळू शकेल ते, आणि दर फेरीच्या शेवटी पाच मिनिटं मिळाली तर माणूस काम करू शकतो हेही. भुसा पडावा तसं नेहमीचंच बोलल्या. साहेबांनी ऐकून घेतलं.

निकाल आठवड्याभराने कळला. नोकरी राहिली. पण गाडी गेली. ड्रायव्हरला वर्कशॉपला लावलं, गाड्यांचे ब्रेक तपासायच्या कामावर. टॉयलेट पन्नास पावलांवर, वेळेचं बंधन नाही. बायकोने फोनवर सांगताना आभार मानले आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "हे बोलत नाहीत, ताई. जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात."

पुढच्या शनिवारी तो स्वतःच वाचनालयाच्या दाराशी आला. आत आला नाही. ताई बाहेर गेल्या.

"तुम्ही आला नसता तर मी खरं बोललो नसतो," तो म्हणाला. "महिनाभर घरी बसवलं असतं. मग पुन्हा स्टिअरिंग दिलं असतं. आधीही दिलंय लोकांना."

"असेल," ताई म्हणाल्या.

"मला दुसरं काही येत नाही. आवडतही नाही."

ताईंना खूप काही सांगता आलं असतं. पुढच्या खेपेला काय झालं असतं, अपघात झाला असता तर काय, वगैरे. पण त्यांच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं, आणि तो म्हणत होता त्यात तथ्य नव्हतं असंही त्यांना वाटेना. "मला वाईट वाटतं," एवढंच त्या म्हणाल्या. तो मान हलवून निघून गेला. त्या रात्री जेवताना ताई नवऱ्याला म्हणाल्या, "चांगलं करायला गेले आणि त्याला आगीतून फुफाट्यात टाकलं." नवऱ्याने त्या दिवशी विनोद केला नाही.

ऊन कलतं झालेल्या एका दुपारी ड्रायव्हर दुकानात उभा राहिला. हातात वर्कशॉपची निळी डांगरी, म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंत एकसंध शिवलेला तो डगला. त्याने ती टेबलावर टाकली.

"ह्याचं काहीतरी करा. जायचं म्हटलं की आधी खांद्यातून हात काढा, मग खाली ओढा. तोवर काय व्हायचं ते होऊन जातं. संडास जवळ असून उपयोग काय?"

ताईंनी डांगरी उलटी केली. कापड जाड, शिवण दुहेरी. "कमरेत कापते," त्या म्हणाल्या. "वरचा शर्ट वेगळा, खालची पँट वेगळी. नेफ्यात इलॅस्टिक घालते, बटण नको आणि चेन नको. शर्ट थोडा लांब सोडते, म्हणजे बाहेरून एकसंधच दिसेल."

"साहेब ओरडतील."

"मग त्यांना माझ्याकडे पाठवा. त्यांच्या पँटची कंबर सैल करायला झालीच आहे."

ड्रायव्हरच्या सुकलेल्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तो स्टुलावर बसला. ताईंनी खडूने रेघ मारली, कात्री चालवली, पट्टी जोडायला घेतली. तो मशीनच्या चाकाकडे बघत होता. फोन वाजला. ताईंनी मशीन थांबवलं नाही. फोन वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला.

"घ्या ना," तो म्हणाला.

"आज नको वाटतंय."

"कुणाचा असेल?"

"असेल कुणीतरी. तुमच्या-माझ्यासारखंच."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ड्रायव्हरने हात लांब करून तो उचलला. कानाला लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, ताईंनाही तो पुसटसा ऐकू आला. बहिणीसाठी विचारतोय, असं काहीतरी तो म्हणत होता.

"बहिणीसाठी," ड्रायव्हर म्हणाला. "बरं. बहीण काय काम करते?" मग त्याने ऐकलं. "सिक्युरिटी गार्ड. रात्रपाळी. बाईमाणूस एकटीच, गेटवर?" पुन्हा ऐकलं. मग ताईंकडे पाठ करून, आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा, मलाही आहे. मी बस चालवायचो. बहिणीचं राहू द्या. तुमचं सांगा."

ताईंनी पँट पालथी घातली आणि दुसरी शिवण घेतली. तो फोन बराच वेळ चालला. मधे एकदा तो उठून मागे गेला, फोन कानालाच, आणि तसाच परत आला. पाण्याचं त्याने सांगितलं, पण जरा दरडावून. दवाखान्याचं नाव ताईंनी खडूने टेबलावर लिहून दाखवलं, ते त्याने वाचलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "फार बोलतो माणूस."

"पहिल्यांदा बोलत असेल."

त्याने डांगरीचे दोन तुकडे घडी घालून पिशवीत टाकले. दारापर्यंत गेला, थांबला. "सोमवारी माझी सुट्टी असते," तो म्हणाला.

सोमवार त्याचा झाला. काम त्याला आवडलं असं काही म्हणता येणार नाही. गाडीची आठवण काढायचा तेव्हा अजून त्याचा चेहरा पडायचा. फोनवर तो फटकळ होता. एका बाईने ताईंना सांगितलं की तुमचा तो माणूस खेकसतो. ताईंनी त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, मग तुम्हीच घ्या, आणि पुढच्या सोमवारी न बोलता फोन न्यायला आला. शिकवण्या घेणारीने मग गुरुवार घेतला, सासूला सांगून की न सांगता, ते तिनं सांगितलं नाही. बाकीचे दिवस ताईंकडेच राहिले. दुखणंही राहिलं.

त्यातल्या एका सोमवारी ताईंनी दुपारीच दुकानाचं शटर ओढलं. घरी येऊन त्या आडव्या झाल्या. मधे तीन-चारदा उठून जावं लागलं, ते काही चुकत नव्हतं. पण परत येऊन पडलं की झोप लागत होती. नवरा कामावरून आला, त्याने दार हळूच लोटलं, आतल्या खोलीत डोकावला आणि पुन्हा बाहेर जाऊन नळ बारीक सोडून हात धुतले. ताईंना ते सगळं ऐकू येत होतं. त्यांनी कूस बदलली आणि आणखी थोडा वेळ पडून राहिल्या.